मधूनच बंद पडणारा २१ इंची टीव्ही : कामाच्या नोंदी

६ जानेवारी, शनिवार

काकांचा संच टेबलावर घेतला. २१ इंची, रंगीत, पिक्चर ट्यूबचा, वय पंचविशीच्या पुढे. तक्रार त्यांच्याच शब्दांत: "मध्येच जातो रे. बाजूला एक थाप मारली की येतो. हल्ली दोन माराव्या लागतात."

थापेने बरा होतो म्हणजे कुठेतरी कथिलाचा सांधा सुटला आहे, हे कुणीही सांगेल. कुठे, हा प्रश्न आहे. पीसीबीवर, म्हणजे आतल्या सर्किट बोर्डावर, शेकडो सांधे आहेत. सगळ्यांना सरसकट नवं कथील लावत सुटायचं, ही पद्धत बरेच जण वापरतात आणि टीव्ही बऱ्याचदा चालूही होतो. मला ती पटत नाही. काय बिघडलं होतं ते कळत नाही, घाईत शेजारचे दोन ट्रॅक जोडले गेले तर नवं दुखणं पदरात पडतं, आणि तोच दोष महिन्याभराने परत आला तर हातात काहीच धागा उरत नाही. म्हणून या कामाचा नियम: दोष मी म्हणेन तेव्हा दिसला पाहिजे आणि मी म्हणेन तेव्हा गेला पाहिजे. तोवर सोल्डरिंग आयर्न बंद.

काकांना खोदून विचारलं. सुरू केल्यापासून किती वेळाने जातो? आवाज राहतो की तोही जातो? लाल दिवा? चित्र एकदम जातं की आवळत जातं? उत्तरं ऐकल्यावर लक्षात आलं की ते "बिघाड" म्हणतात ती तीन वेगळी दुखणी आहेत:

क) अर्ध्यापाऊण तासाने चित्र आणि आवाज एकदम गायब. लाल दिवा मात्र पेटलेला. थाप मारली की येतो.

ख) थंड सकाळी सुरू केल्यावर चित्राचा वरचा भाग दुमडलेला, त्यावर पांढऱ्या रेघा. थोड्या वेळाने आपोआप नीट.

ग) कधीतरी सगळं चित्र पिवळं पडतं आणि काही सेकंदांत सुधारतं. याला वेळकाळ नाही.

तिन्ही एकाच कारणाने होत असतील असं धरून चालणार नाही. क तापल्यावर होतो आणि ख तापल्यावर जातो. इतके उलट स्वभाव असताना एकच भाग दोषी असण्याची शक्यता फार कमी.

७ जानेवारी, रविवार

मागचं झाकण काढलं. आत धुळीचा जाड थर, एलओटीभोवती (ट्यूबसाठी उच्च व्होल्टेज तयार करणारा ट्रान्सफॉर्मर) तर काळं मखमली आवरण. (उच्च दाबाकडे धूळ ओढली जाते, हे दर जुन्या संचात दिसतं.) ब्रश हातात घेतला आणि ठेवून दिला. झाडताना सुटे सांधे हलतात, तात्पुरते जुळतात, आणि मग दोष आठवडाभर तोंड दाखवत नाही. साफसफाई शेवटी.

मोबाइलने सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवले. प्लग, वायर, मेन स्विच, फ्यूजची क्लिप पाहिली. सगळं घट्ट.

सुरक्षेची मांडणी इथे लिहून ठेवतो, कारण यात सवलत नाही. २३० व्होल्ट एसीचं रेक्टिफिकेशन झालं की मुख्य फिल्टर कॅपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतात आणि प्लग काढल्यावरही ते राहू शकतात. रोधकातून ते उतरवायचे, स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करायचे नाहीत. एसएमपीएसचा, म्हणजे संचाच्या स्विचिंग वीजपुरवठ्याचा, प्राथमिक भाग थेट मेन्सला जोडलेला असल्याने आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (संच मेन्सपासून वेगळा ठेवणारा) लावल्याशिवाय मापन नाही. ट्यूबच्या ॲनोडवर २० ते २५ हजार व्होल्ट असतात. ट्यूबची काच स्वतःच कॅपॅसिटरसारखी भार धरून ठेवते. रबरी टोपीखाली हात घालायची वेळ आली तर आधी ट्यूबच्या बाहेरच्या अर्थ पट्टीला जोडलेल्या वायरने तो भार उतरवायचा. यावेळी तशी गरज पडेल असं वाटत नाही. आणि ट्यूबची मान: काचेतला सगळ्यात नाजूक भाग. तिला कोपर लागलं तर हवा शिरून ट्यूब संपली.

पहिल्यांदा सिरीज बल्बवर, म्हणजे मेन्स आणि संच यांच्या मध्ये बल्ब जोडून, चालवला; शॉर्ट असेल तर प्रवाह बल्ब रोखतो. १०० वॉटचा, तारेचा. डिगॉसिंग कॉइलचा (ट्यूबचं चुंबकत्व घालवणाऱ्या वेटोळ्याचा) प्लग त्याआधी काढला, नाहीतर तिचा पोझिस्टर (तापला की रोध वाढणारा भाग) थंड असताना इतका प्रवाह घेतो की बल्ब भगभगून पेटतो आणि माणूस शॉर्ट समजून घाबरतो. बल्ब क्षणभर उजळला, मंद झाला, चित्र आलं. म्हणजे मोठा शॉर्ट कुठे नाही. बल्ब काढून थेट आयसोलेशनवर घेतला.

९ जानेवारी, मंगळवार

संध्याकाळभर चालू. काहीही झालं नाही. झाकण उघडं असल्याने आत हवा खेळते आणि भाग पुरेसे तापत नाहीत, हे त्याचं कारण दिसतं. घरात दोष येतो आणि टेबलावर येत नाही, यात गूढ काही नाही. टेबलावरची परिस्थिती घरासारखी नसते इतकंच.

शनिवारी पुठ्ठ्याचं खोकं वरून झाकून चालवायचं. समोर बसून राहायचं.

१३ जानेवारी, शनिवार

आज खोक्याखाली. अँटेना आणि ट्यूनर वगळण्यासाठी चित्र एव्ही इनपुटमधून दिलं: डीव्हीडी प्लेअरवरून उभ्याआडव्या रेघांचा स्थिर नमुना. हलत्या चित्रात बारीक बदल नजरेतून सुटतात. सरळ रेघ वाकली तर लगेच दिसते.

सकाळी खोली थंड होती. सुरू करताच ख हजर! वरची इंचभर पट्टी स्वतःवर दुमडलेली, चार-पाच पांढऱ्या रेघा. दहा मिनिटांत रेघा विरळ, पंधरा मिनिटांत चित्र सरळ.

हा दोष ओळखीचा आहे. व्हर्टिकल आउटपुट आयसीला, म्हणजे चित्र रेखणारा किरण वरखाली फिरवणाऱ्या चिपला, किरण खालून वर परत नेताना नेहमीपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं आणि ते तेवढ्यापुरतं पुरवायला एक बूस्ट कॅपॅसिटर असतो. तो कमजोर झाला की किरण वेळेत वर पोचत नाही, आणि परतीचा प्रवास चित्राच्या वरच्या भागात दिसू लागतो. पांढऱ्या रेघा म्हणजे तोच परतीचा प्रवास.

थंडीत वाईट आणि तापल्यावर बरा, हा इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचा ठसठशीत स्वभाव. आतला द्रव आटत गेला की अंतर्गत रोध, म्हणजे ईएसआर, वाढतो. तापमान वाढलं की तो थोडा उतरतो आणि कॅपॅसिटर कसंबसं काम करू लागतो. सेमिकंडक्टर आणि तुटका सांधा बहुधा याच्या उलट वागतात: थंड असताना ठीक, तापले की घोळ. हे अगदी शंभर टक्के नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते ठरवायला पुरेसं.

खात्री करण्यासाठी संच बंद करून पूर्ण थंड होऊ दिला. मग फक्त त्या कॅपॅसिटरला हेअर ड्रायरने गरम करून सुरू केला. चित्र पहिल्यापासून सरळ. पुन्हा थंड केला, यावेळी ड्रायर न लावता: रेघा परत. ख आता माझ्या हुकमात आहे.

१४ जानेवारी, रविवार

बूस्ट कॅपॅसिटर काढला: १०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट. तो व्हर्टिकल आयसीच्या हीटसिंकला जवळजवळ चिकटून उभा. इतकी वर्षं शेक खात होता. इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य दर १० अंश तापमानवाढीला साधारण निम्मं होतं, त्यामुळे ही जागा निवडणाऱ्याने त्याचं मरण आधीच लिहून ठेवलं होतं.

मापं बोलकी आहेत. क्षमतेच्या मीटरवर ८२ मायक्रोफॅरड, म्हणजे वरवर पाहता पास. ईएसआर मीटरवर ९ ओहम. नव्या कॅपॅसिटरचा अर्ध्या ओहमच्या आत येतो. नुसत्या क्षमतेवर भरवसा ठेवणाऱ्याने हा चांगला म्हणून परत बसवला असता.

नवा, १०५ अंशांपर्यंत चालणारा, घातला आणि पाय थोडे लांब ठेवून हीटसिंकपासून तिरका केला. त्याच हीटसिंकजवळच्या आणखी दोघांचा ईएसआर मोजला: एक ठीक, एक काठावर. काठावरचाही बदलला. बाकीच्यांना हात लावला नाही. "जुना आहे तर सगळेच कॅपॅसिटर बदला" हा सल्ला ज्याला वेळ घालवायचा आहे त्याच्यासाठी ठीक. क अजून सापडलेला नाही आणि मला सर्किट जसं होतं तसंच हवं आहे.

१७ जानेवारी, बुधवार

क आला. खोक्याखाली, सुरू केल्यापासून सुमारे ४० मिनिटांनी. नमुना गेला, आवाज गेला, लाल दिवा जसाच्या तसा. हात न लावता डोळ्यांनी जे दिसलं ते लिहितो:

ट्यूबच्या मानेतला हीटरचा केशरी उजेड हळूहळू विझला. ही फार मोलाची खूण आहे. या संचात हीटरचा पुरवठा एलओटीवरून येतो आणि आवाजाच्या आयसीचाही. दोन्ही गेले म्हणजे एलओटी थांबला. लाल दिवा राहिला म्हणजे एसएमपीएस जिवंत.

मुख्य बी प्लस, म्हणजे एसएमपीएसमधून निघणारा मुख्य डीसी पुरवठा, मोजला. ११४ व्होल्ट, चालू असताना होता तेवढाच. तर एसएमपीएस सुटला, आणि अर्धा पीसीबी संशयातून बाहेर. उरला हॉरिझॉन्टलचा, म्हणजे किरण आडवा फिरवणारा, पट्टा: ऑसिलेटर, ड्रायव्हर ट्रान्झिस्टर, ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर, आउटपुट ट्रान्झिस्टर, एलओटी.

मग ड्रायव्हर ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला (त्याच्या तीन पायांपैकी एक) प्रोब टेकवला आणि टीव्ही चालू झाला. थोडासा दाब पुरला. मधूनच येणाऱ्या दोषाची ही जुनी खोड: चोर मोजायला गेलं की साव होतो. पण दाबाने जागा हलली, हीच बातमी. दोष त्या हाताभराच्या परिसरात आहे.

(हीटरबद्दल एक बाजूची नोंद. त्याचं व्होल्टेज साध्या मल्टिमीटरच्या एसी रेंजवर मोजण्यात अर्थ नाही. ते ५० हर्ट्‌झचं नसून १५,६२५ हर्ट्‌झच्या टोकदार स्पंदांचं आहे, मीटर काहीतरी भलतंच दाखवतं. उजेड पाहावा.)

२० जानेवारी, शनिवार

प्रोब हाताने लावायचे नाहीत. संच बंद आणि डिस्चार्ज करून दोन पातळ लवचीक वायरी ट्रॅकवर अलगद सोल्डर केल्या, संशयित सांध्यांपासून लांब, आणि दोन मीटर बाहेर टेबलावर ठेवले. एक वायर ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक गुंडाळीच्या पुरवठा टोकाला, दुसरी ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला. दोघांच्या मध्ये फक्त ती गुंडाळी.

सर्किट साधं आहे. बी प्लसचे ११४ व्होल्ट ३.९ किलोओहमच्या रोधकातून गुंडाळीला, गुंडाळीतून कलेक्टरला. चालू असताना दोन्ही मीटर ५८ च्या आसपास. असंच असायला हवं, कारण गुंडाळीवर सरासरी डीसी जवळपास पडत नाही. कलेक्टरवर कितीही उड्या असल्या तरी डीसी मीटर त्यांची सरासरी दाखवतं.

मीटर लावण्याआधीच काय अपेक्षित आहे ते कागदावर लिहून ठेवलं, नंतर मनाला येईल तसा अर्थ लावला जाऊ नये म्हणून:

ऑसिलेटर थांबला, तर ट्रान्झिस्टर बंद राहील, रोधकातून प्रवाह नाही, दोन्ही मीटर ११४ वर चढतील.

रोधक किंवा त्याचा सांधा सुटला, तर दोन्ही शून्यावर येतील.

गुंडाळी किंवा तिचा पाय सुटला, तर पहिला ११४ वर चढेल आणि दुसरा शून्यावर पडेल.

दोन्ही ५८ वर राहून टीव्ही गेला, तर भानगड पुढे: आउटपुट ट्रान्झिस्टर किंवा एलओटी.

खोकं झाकलं. पाऊण तास काही नाही. मग एकदम काळोख. पहिला मीटर ११४. दुसरा ०.

इतकं स्वच्छ उत्तर या कामात क्वचित मिळतं. दूर उभं राहून, कशालाही न शिवता, शेकडो सांध्यांतून प्राथमिक गुंडाळी आणि तिचे दोन पाय एवढंच उरलं. कलेक्टर शून्यावर आहे एवढ्यावरून ऑसिलेटरबद्दल मात्र काही सांगता येत नाही; त्याचा पुरवठाच तुटलेला आहे.

प्लॅस्टिकच्या चिमट्याने ट्रान्सफॉर्मरचं डोकं किंचित हलवलं: चालू. सोडलं: बंद. फ्रीज स्प्रेचा छोटा झोत: चालू. ड्रायर: थोड्या वेळाने बंद. क सुद्धा हुकमात आला. (स्प्रे मारताना ट्यूबच्या मानेवर आणि एलओटीवर झोत जाऊ द्यायचा नाही. तापलेली काच तडकू शकते, आणि उच्च दाबाजवळ दव साचलं की ठिणगी मारायला वाट मिळते.)

२१ जानेवारी, रविवार

पीसीबी उलटा करून भिंगाखाली. दिवा वरून न धरता बाजूने तिरका धरला, तेव्हा सावलीत दिसलं: प्राथमिक गुंडाळीच्या एका पायाभोवती कथिलात केसाइतकी बारीक गोल भेग. वरून प्रकाश टाकल्यावर तोच सांधा छान चकाकतो. पाय वरच्या बाजूने हलवला की भेगेच्या आत तो स्वतंत्र फिरतो.

इथेच का? एक, हा एकाच बाजूला तांबं असलेला बोर्ड. भोकाच्या आत धातूचं अस्तर नाही, त्यामुळे जड ट्रान्सफॉर्मरचा सगळा भार आणि हिसके खालच्या कथिलाच्या थेंबावर. दोन, तो रोधक अगदी शेजारी. त्यावर ५६ व्होल्ट पडतात, ३.९ किलोओहमला ते म्हणजे ०.८ वॉट उष्णता, रोज, तासन्‌तास. तिथला बोर्ड तपकिरी पडला आहे. धातूचा पाय, कथील आणि बोर्ड प्रत्येक वेळी वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, थंड होताना आकसतात, आणि हजारो फेऱ्यांनंतर कथील थकतं. काकांची थाप हेच करत होती: पाय भेगेच्या कडेला टेकवत होती. आणि दर थापेने भेग वाढवत होती.

दोष नुसता त्रासदायक नव्हता, महागात पडणारा होता. सांधा पूर्ण सुटला तर आउटपुट ट्रान्झिस्टर शांतपणे बंद राहतो, काही बिघडत नाही. पण अर्धवट जुळला तर त्याला अपुरी ड्राइव्ह मिळते, तो पूर्ण चालू होत नाही आणि पूर्ण बंदही नाही, तापतो आणि शॉर्ट होतो. असे ट्रान्झिस्टर मग एकामागून एक बदलले जातात आणि प्रत्येक नवा काही दिवसांत जातो, कारण मूळ सांध्याकडे कुणी पाहत नाही.

जुनं कथील पूर्ण शोषून काढलं. वरून नवं ओतणं म्हणजे मळ आत कोंडणं. पाय खरवडून उजळ केला, फ्लक्स लावलं, ६३/३७ कथील घेतलं. ते १८३ अंशांना एकदम वितळतं आणि एकदम गोठतं, मधली लापशी अवस्था नाही, त्यामुळे गोठताना सांधा हलून बिघडण्याचा धोका कमी. मूळ बोर्डही शिशाच्या कथिलाचाच आहे, तेव्हा मिसळ होण्याचा प्रश्न नाही. ट्रॅकवर पायापासून तांब्याची पातळ तार गुंडाळून पुढे नेली, म्हणजे भार एका थेंबावर राहणार नाही. रोधक नवा घातला, बोर्डापासून सेंटिमीटरभर उंच.

आता कारण सापडलेलं असल्याने त्याच जातीचे सांधे पाहण्यात हरकत नव्हती: जड किंवा तापणारे पाय. एलओटी, आउटपुट ट्रान्झिस्टर, व्हर्टिकल आयसी, योकचा (मानेवरच्या, किरण वळवणाऱ्या कॉइलचा) सॉकेट. योकच्या सॉकेटचे दोन पाय सुरुवातीच्या भेगेत होते. तो सुटला असता तर चित्र आवळून मध्ये एक लखलखीत आडवी रेघ उरली असती, आणि तशी रेघ ब्राइटनेस न उतरवता ठेवली की पडद्याचा फॉस्फर (उजळणारा लेप) कायमचा जळतो. दोन्ही पाय नव्याने जोडले. बाकी सांधे भिंगाखाली निर्दोष, त्यांना सोडलं.

मग ब्रश. धूळ काढताना मुख्य कॅपॅसिटरच्या बुडाशी कारखान्यात लावलेला पिवळा गोंद काळसर झालेला दिसला. हा गोंद जुना झाला की वीज झिरपू देतो आणि आसपासचे पाय कुरतडतो. खरवडून स्पिरिटने पुसला.

२७ जानेवारी, शनिवार

खोक्याखाली आठवडाभर रोज सकाळ-संध्याकाळ चालवला. सकाळी थंड, रात्री तापलेला. क नाही, ख नाही. बाजूला, वर, मागे टिचक्या मारल्या, नमुना हलला नाही.

आणि आज ग आला. चित्र पिवळं, म्हणजे निळा रंग गेला. मानेवरच्या छोट्या बोर्डावर निळ्याच्या कॅथोडला (त्या रंगाचा किरण जिथून निघतो तो भाग) मीटर होतं (या वेळी आधीच वायर सोल्डर करून ठेवली होती). व्होल्टेज जागच्या जागी, लाल आणि हिरव्याइतकंच. व्हिडिओ आउटपुटचा ट्रान्झिस्टर बंद पडला असता तर कॅथोड पुरवठ्याच्या पातळीवर, १८० च्या घरात गेला असता. तसं झालं नाही. म्हणजे बोर्डापर्यंत सगळं पोचतंय. सॉकेटच्या पकडीत किंवा ट्यूबच्या आत काहीतरी सुटतंय. काही सेकंदांत रंग परत.

सॉकेट अलगद सरळ ओढून काढला. निळ्याच्या पिनेवर हिरवट काजळी. पिना आणि सॉकेटच्या आतल्या पाकळ्या कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून परत बसवला.

४ फेब्रुवारी, रविवार

पिवळेपणा पुन्हा दिसलेला नाही. पण ग दुरुस्त झाला असं लिहीत नाही. क आणि ख हवे तेव्हा आणता आणि घालवता आले; ग एकदाच दिसला आणि काजळी पुसल्यावर गप्प आहे. कारण ट्यूबच्या आत असेल तर त्यावर उपाय नाही, आणि मानेवर टिचक्या मारून ते तपासायची माझी तयारी नाही.

डिगॉसिंगचा प्लग परत लावला. एलओटीवरचे फोकस आणि स्क्रीनचे प्रीसेट जसे होते तसेच. चित्र किंचित मवाळ आहे, पण ते ट्यूबचं वय आहे, प्रीसेट पिळून लपवण्यात अर्थ नाही. झाकण बसवताना मागच्या जाळीतली जळमटं काढली.

संच उद्या काकांकडे. सोबत एक वही, रकाने आखून: तारीख, सुरू केल्यापासून किती मिनिटं, काय दिसलं, लाल दिवा, आवाज. चित्र पिवळं पडलं तर नुसतं लिहून ठेवा आणि थाप मारू नका, असं बजावलं. काका म्हणाले, "मग हात कशाला द्यायचा देवाने?" वही मात्र घेतली.